पडत्या काळात घरची कागदपत्रं आणि पुस्तकं कशी सांभाळावीत

सप्टेंबर १९४६ मध्ये पोलंडची राजधानी वॉर्सा इथल्या जमीनदोस्त झालेल्या ज्यू वस्तीच्या ढिगाऱ्याखालून पत्र्याच्या दहा पेट्या उकरून काढल्या गेल्या. इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नाझींची नजर चुकवून जमवलेले कागद ऑगस्ट १९४२ मध्ये तिथे पुरले होते. पत्रं होती, रोजनिशा होत्या, आणि त्यांच्या जोडीला रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, चॉकलेटच्या चांद्यासुद्धा होत्या. पेट्यांत पाणी शिरलं होतं. शाई फुटली होती, कागद एकमेकांना चिकटले होते. दुसरा साठा दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये घालून नंतर पुरला होता. तो डिसेंबर १९५० मध्ये सापडला आणि पुष्कळच चांगल्या अवस्थेत होता. तिसरा साठा आजवर सापडलेला नाही. पहिला सापडला, कारण त्या गटातले जे तीन जण युद्धातून वाचले त्यांतल्या हर्श वासरला जागा ठाऊक होती.

घरची कागदपत्रं राखायची तर मला या गोष्टीत सगळं दिसतं. डबा चांगला हवाच, पण डबा कुठे आहे आणि त्यात काय आहे हे ठाऊक असलेला माणूस हवा. पुढचं सगळं या दोन गोष्टींसाठी आहे.

आज कितीतरी लोकांना वाटतं की आपल्या डोळ्यांदेखत काहीतरी ढासळतंय. पाठ्यपुस्तकं बदलतात, वाचनालयं बंद पडतात, वर्षानुवर्षं चाललेली संकेतस्थळं एका रात्रीत नाहीशी होतात. ही भीती मी खोटी म्हणणार नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये बोस्नियातल्या सारायेवोचं राष्ट्रीय ग्रंथालय तोफगोळ्यांनी पेटलं आणि लाखो पुस्तकं जळाली. जून १९२२ मध्ये डब्लिनमध्ये यादवी युद्धात आयर्लंडचा सरकारी दफ्तरखाना गेला आणि त्याबरोबर कित्येक शतकांच्या नोंदी गेल्या. पण बहुतेक घरांतले कागद युद्धात जात नाहीत. ते ओलीने जातात, कसरीने जातात, घर बदलताना जातात, आणि सर्वांत जास्त जातात ते कुणीतरी गेल्यावर दोन दिवसांत खोली रिकामी करताना. भीतीने हात चालत असेल तर चालू द्या, फक्त तो आधी या रोजच्या शत्रूंकडे वळवा.

## आधी काय वाचवायचं

सगळं वाचवायला जाणारा माणूस महिन्याभरात दमतो आणि खोकी तशीच पडून राहतात. म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारा: हे जगात दुसरीकडे कुठे आहे का?

हजारो प्रती खपलेली कादंबरी दुसरीकडे आहे. तिच्यावर तुमचा जीव असेल तर जरूर ठेवा, पण पहिली धावपळ तिच्यासाठी नको. हस्तलिखित पत्रं, रोजनिशी, हिशेबाच्या वह्या, जमिनीचे आणि घराचे जुने कागद, जन्ममृत्यूच्या नोंदी, स्थलांतराचे कागद, शाळेचे दाखले, वंशावळीची टिपणं, छायाचित्रं, ध्वनिमुद्रणं हे सगळं फक्त तुमच्याकडे आहे. छापील वस्तूंतही असा एक वर्ग असतो: पन्नास-शंभर प्रतींचं स्मरणपुस्तक, संस्थेचा वार्षिक अहवाल, चळवळीची पत्रकं, छोट्या भाषेतलं किंवा बोलीतलं पुस्तक, समासात कुणी टिपणं केलेली प्रत. मोठी ग्रंथालयं हे बऱ्याचदा जमवतच नाहीत.

हिशेबाच्या वह्या टाकू नका, हे मी मुद्दाम वेगळं सांगते. माणसं पत्रं ठेवतात आणि हिशेब रद्दीत घालतात. पण कुणाचं कर्ज होतं, कोणत्या वर्षी डॉक्टरचा खर्च वाढला, मुलीच्या शिक्षणाला पैसे कधी सुरू झाले, हे पत्रांत कुणी लिहीत नाही.

## नावं लिहा, आजच

आत्या गेली त्या वर्षी तिच्या कपाटात मला अकरा माणसांचा एक फोटो सापडला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. चार चेहरे मी ओळखले. उरलेले सात आत्याला नक्की ठाऊक होते, आणि तिच्या शेजारी मी कितीतरी संध्याकाळी नुसतीच बसले होते. तो फोटो आज उत्तम स्थितीत आहे आणि त्यातली सात माणसं कायमची हरवली आहेत.

म्हणून स्कॅनर, खोकी, कपाटं हे सगळं नंतर. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे आधी जा. एका बैठकीत वीस-पंचवीस फोटोंपेक्षा जास्त काढू नका. फोटो टेबलावर एकेक ठेवा, फोनवर आवाजाचं रेकॉर्डिंग लावून द्या आणि सुरुवातीलाच तारीख, जागा, बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने म्हणा. प्रत्येक फोटोला क्रमांक द्या आणि बोलतानाही तो क्रमांक उच्चारा, नाहीतर पुढे रेकॉर्डिंग ऐकताना «हा डावीकडचा» म्हणजे कोण ते कळत नाही. «हे कोण?» एवढं विचारून थांबू नका. «हा फोटो कुणी काढला? त्या दिवशी काय होतं? जे यात नाहीत ते कुठे होते?» असं विचारलं की माणूस बोलायला लागतो. आठवण चुकली असं वाटलं तरी मध्येच दुरुस्त करू नका. तुमची शंका नंतर वेगळ्या शाईने नोंदवा.

फोटोच्या मागे लिहायचं ते मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने, फोटो कडक सपाट पृष्ठभागावर ठेवून. बॉलपेनचा दाब समोरच्या बाजूला उमटतो आणि शाई कालांतराने शेजारच्या फोटोला लागते. नवीन, प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही. अशा फोटोंचे क्रमांक आणि नावं वेगळ्या कागदावर लिहा आणि तो कागद फोटोच्या पाकिटातच ठेवा.

## हात लावण्याआधी

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. कागदासाठी सुती हातमोजे नकोत. त्यांनी बोटांची जाणीव जाते आणि कडा फाटतात. फोटो आणि निगेटिव्हसाठी मात्र नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घाला, कारण बोटांचं तेल तिथे कायमचं उमटतं. टेबलावर पाणी, चहा, शाईचं पेन काही नको.

गंजलेल्या टाचण्या, क्लिपा, रबर बँड काढा. स्टेपलरची पिन ओढू नका. कागद आणि धातू यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून एकेक पाय सोडवा. घडी घातलेलं पत्र उलगडताना तडकत असेल तर जबरदस्ती करू नका, तसंच पाकिटात ठेवा. धूळ मऊ ब्रशने, मधून कडेकडे झाडा.

दोन गोष्टी अजिबात करू नका. पहिली, सेलोटेप. आजीच्या वहीचं एक फाटलेलं पान मी कॉलेजात असताना टेपने जोडलं होतं. आज टेप गळून पडली आहे, आणि तिच्या जागी तपकिरी, पारदर्शक पट्टा उरला आहे. चिकट द्रव कागदात मुरला आणि त्यातले शब्द पुसट झाले. तो पट्टा आता घरच्या घरी काढता येत नाही. फाटलेलं पान नुसतं एका पारदर्शक पाकिटात दोन तुकडे जुळवून ठेवलं तरी पुरतं. जोडायचंच असेल तर पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, कारण ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. दुसरी गोष्ट लॅमिनेशन. दुकानातलं लॅमिनेशन उष्णतेने प्लॅस्टिक कागदात वितळवतं आणि ते परत निघत नाही. जो उपाय मागे घेता येत नाही तो मूळ कागदावर करायचा नाही, एवढं धरून चाला.

## कागद का तुटतो, आणि कुठे ठेवायचा

दोनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक लवचीक असतं आणि पन्नास वर्षांपूर्वीचं हातात घेताच चुरा होतं, याचं अनेकांना नवल वाटतं. जुना कागद चिंध्यांपासून बनायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाचा लगदा आला आणि शाई फुटू नये म्हणून त्यात तुरटी-राळेचं मिश्रण घालू लागले. त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे तंतू आतून तोडत राहतं. वर्तमानपत्राचा कागद तर सर्वांत वाईट. म्हणून कात्रणं इतर कागदांना चिकटवून ठेवू नका, त्यांचं आम्ल शेजाऱ्यालाही लागतं. कात्रणाची चांगल्या कागदावर छायाप्रत काढा आणि मूळ वेगळ्या पाकिटात ठेवा. पावत्यांचा गुळगुळीत थर्मल कागद काही वर्षांत कोरा होतो, त्याचीही प्रत लगेच काढा.

आम्लाचा वेग उष्णता आणि ओल यांनी वाढतो. संग्रहालयं साधारण २१ अंश सेल्सिअसखाली तापमान आणि ३० ते ५० टक्के आर्द्रता राखतात. घरात ते जमेलच असं नाही, आणि त्यापायी खंतावू नका. आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशीला निमंत्रण, ही सीमा मात्र लक्षात ठेवा. एक छोटं आर्द्रतामापक कपाटात ठेवलं की अंदाज बांधायची गरज उरत नाही. पोटमाळा नको, तिथे तापतं. तळघर नको, तिथे ओल आणि पाणी. बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, स्वयंपाकघर-न्हाणीघराच्या भिंतीला लागून नको, पाण्याच्या नळाखाली नको. घराच्या मधल्या भागातलं, जमिनीपासून वीतभर उंच कपाट बहुतेक घरांत सर्वांत चांगलं ठरतं.

खोकी आम्लविरहित पुठ्ठ्याची मिळाली तर उत्तम. न मिळाली तर साध्या खोक्याला आतून आम्लविरहित कागदाचं अस्तर लावा. पारदर्शक पाकिटं पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनची असावीत. पीव्हीसीचं पाकीट उग्र वासावरून ओळखता येतं, ते वापरू नका. चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढायचे जुने अल्बम फोटोंचे वैरी आहेत. फोटो निघत नसेल तर पान जसंच्या तसं स्कॅन करा, मग दात स्वच्छ करायच्या न मेणवलेल्या दोऱ्याने फोटोच्या मागून हळूहळू कापत न्या.

अग्निरोधक तिजोरीविषयी एक गैरसमज आहे. कागदासाठीची तिजोरी आतलं तापमान १७७ अंशांखाली ठेवायच्या बेताने बनवलेली असते. कागद त्यात वाचतो, पण हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्हसाठीची मर्यादा ५२ अंशांची आहे, तेव्हा त्या साध्या तिजोरीत जातील. शिवाय अशा तिजोरीच्या भिंतींत पाणी धरून ठेवणारं द्रव्य असतं, म्हणून आत ओल साठते. सिलिका जेल ठेवा आणि अधूनमधून उघडून वारा द्या.

आफ्रिकेतल्या माली देशातल्या टिंबक्टूची गोष्ट इथे आठवते. २०१२ मध्ये शहर सशस्त्र गटांच्या ताब्यात गेल्यावर अब्देल कादर हैदरा आणि स्थानिक कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या घरांत राखलेली हस्तलिखितं धातूच्या ट्रंकांत भरून गाड्यांतून, होड्यांतून राजधानी बामाकोला नेली. जाळपोळीतून ती वाचली. पण बामाकोची हवा टिंबक्टूच्या वाळवंटी हवेपेक्षा दमट, आणि तिथे पुढची चिंता ओलीची होती. धावपळीत हलवलेली ट्रंक महिन्यांच्या आत उघडून पाहा, वर्षांनी नव्हे.

## कसर, वाळवी, बुरशी

डांबराच्या गोळ्या कपाटात टाकायची सवय सोडा. त्यांची वाफ माणसाला अपायकारक आहे, आणि प्लॅस्टिक व काही फोटोंनाही. पुस्तकात कसर दिसली तर ते पुस्तक घट्ट प्लॅस्टिक पिशवीत बंद करून घरच्या डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ अंश किंवा त्याखाली, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. काचेवरचे फोटो आणि ध्वनिफिती फ्रीजरमध्ये घालू नका. वाळवी निघाली तर प्रश्न पुस्तकाचा राहत नाही, घराचा होतो. सगळा संग्रह हलवून घरावर उपाय करा.

बुरशी ओली असताना पुसू नका, ती पसरते. वस्तू वेगळी करा, हवेशीर जागी वाळू द्या, ती कोरडी भुकटीसारखी झाली की घराबाहेर, तोंडाला चांगला मास्क लावून झाडा.

## पुस्तकांचं थोडक्यात

पुस्तकं उभी ठेवा, पण कोंबू नका आणि तिरकी कलू देऊ नका. जाडजूड, अवजड ग्रंथ आडवे. बाहेर काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढायचं नाही, दोन्ही शेजाऱ्यांना किंचित मागे सारून मधोमध धरायचं. बांधणी सुटली असेल तर सुती फितीने बांधून ठेवा. पुठ्ठा चिकटवण्यासाठी फेव्हिकॉल वापरू नका.

छापील पुस्तक विकत घ्यायचं की ई-पुस्तक, हा प्रश्नही याच विषयातला आहे. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या, हक्कांविना विकल्या गेलेल्या आवृत्त्या ग्राहकांच्या किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून परस्पर काढून टाकल्या. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण विकत घेतलेलं पुस्तक दुरून काढून घेता येतं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. जे पुस्तक पुढच्या पिढीला मिळावं असं वाटतं, ते कागदावर घ्या.

## स्कॅनिंग

मजकुराला ३०० डीपीआय (एका इंचातले ठिपके) कमीत कमी, बारीक अक्षराला ४००, फोटोंना ६००. कृष्णधवल कागदसुद्धा रंगीत स्कॅन करा, शाईचा रंग आणि डाग हीसुद्धा माहिती आहे. मूळ प्रत टिफ (TIFF) या प्रकारच्या फाइलमध्ये साठवा, रोजच्या वापराला जेपेग किंवा पीडीएफ. पत्राची मागची बाजू आणि पाकीटही घ्या. तारखेचा शिक्का पाकिटावरच असतो.

स्कॅनर नसेल तर फोन पुरतो. खिडकीजवळचा सावलीतला उजेड, फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर. बांधलेलं पुस्तक सपाट दाबू नका, कणा तुटतो. दोन्ही बाजूंना उशा देऊन अर्धवट उघडं ठेवा आणि एकेक पान टिपा.

फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू करा: «१९६३-०४-१२_पत्र_काका_आजीस_०१». म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. तारीख माहीत नसेल तिथे अंदाजाने भरू नका, «१९६०चंदशक» असं स्पष्ट लिहा. नाहीतर पुढे वाचणाऱ्याला तुमचा अंदाज खरा वाटेल.

## प्रती, आणि त्या दुसऱ्यांच्या हातात

आयर्लंडच्या जळालेल्या दफ्तरखान्याची गोष्ट अर्धीच सांगितली होती. शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, तिथल्या संशोधकांनी त्या संग्रहाचा मोठा भाग डिजिटल रूपात पुन्हा उभा केला. कसा? इतर ठिकाणी कुणी ना कुणी उतरवून घेतलेल्या नकलांवरून. १९७३ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या सरकारी दफ्तरखान्याला आग लागली आणि सैनिकांच्या दीड कोटींहून जास्त नोंदी गेल्या. त्यांतल्या बहुतेकांची दुसरी प्रत नव्हती. मार्च २००९ मध्ये कोलोन शहराचा अभिलेखागार कोसळला, तेव्हा ना युद्ध होतं ना आग, शेजारी भुयारी रेल्वेचं काम चालू होतं.

घरासाठी नियम असा: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. एक तुमच्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दूरच्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. राजकीय परिस्थितीची धास्ती असेल तर तिसरी प्रत दुसऱ्या देशात राहणाऱ्या आपल्या माणसाकडे असू द्या. फक्त क्लाउडवर विसंबू नका, खातं बंद पडलं की सगळं गेलं. हार्ड डिस्क पाचेक वर्षांनी बदला. एसएसडी आणि पेन ड्राइव्ह वीज न देता वर्षानुवर्षं पडून राहिले तर त्यांतला मजकूर पुसला जाऊ शकतो, म्हणून ते दीर्घ साठवणीला नकोत. फाइली बिघडल्या का हे तपासायला एसएचए-२५६ चेकसमची, म्हणजे प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या, मजकूर बदलला की बदलणाऱ्या सांकेतिक आकड्याची, यादी करून ठेवा. ती करणाऱ्या मोफत प्रणाली सहज मिळतात, आणि वर्षातून एकदा ताडून पाहायला अर्धा तास लागतो.

सर्वांत मोलाची पन्नासेक पानं, म्हणजे वंशावळ, महत्त्वाची पत्रं, आजोबांच्या आठवणी, आम्लविरहित कागदावर छापून घरातल्या चार जणांना द्या. कागद उघडायला यंत्र लागत नाही.

## जे सांभाळताना जपूनच राहावं

पडत्या काळात काही कागद माणसांना संकटात घालतात. जिवंत माणसांची नावं, पत्ते, मतं, देणगीदारांच्या याद्या, सभासदांच्या वह्या असलेल्या डिजिटल प्रती सांकेतिक कुलपाखाली ठेवा आणि कुलपाची किल्ली दोन विश्वासू माणसांना माहीत असू द्या. एकट्याला माहीत असलेला संकेतशब्द त्याच्याबरोबर जातो. कुणाचं खाजगी पत्र सार्वजनिक करण्याआधी त्याच्या घरच्यांना विचारा. संस्थेला मूळ कागद देत असाल तर आधी स्कॅन करा आणि लेखी करार करा: मालकी कुणाची, वाचकांना कधीपासून पाहायला मिळेल, संस्था बंद पडली तर कागद कुणाकडे जातील.

## पाणी शिरलं तर

४८ तासांत बुरशी धरते, म्हणून पहिला दिवस विचार करण्यात घालवू नका. कमी भिजलेलं पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी उघडा आणि पंखा हवा फिरवील असा लावा, थेट अंगावर नको. पानांमध्ये टिपकागद घाला आणि तो ओला होताच बदलत राहा. ऊन नको, हेअर ड्रायर नको. गुळगुळीत चकचकीत कागदाची पुस्तकं वाळताना पानं चिकटून वीट होतात, ती ओली असतानाच मेणकागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका. भिजलेलं खूप असेल तर बाकीच्यांनाही तेच करा. गोठलेला कागद थांबून राहतो आणि तुम्हाला वेळ मिळतो. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर सुकू देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून सोडवा, मग चेहरा वर करून वाळवा.

## यादी आणि वारसदार

शेवटी एक वही करा. प्रत्येक खोक्याला क्रमांक, आत काय आहे ते दोन ओळींत, डिजिटल प्रत कुठे आहे, कोणती माणसं ओळखू आलेली नाहीत. वहीची एक प्रत त्या कपाटाच्या दाराला आतून लावा, दुसरी ज्याच्याकडे तिसरी प्रत आहे त्याच्याकडे पाठवा.

आणि एका माणसाला विचारा. सगळ्या भावंडांना मिळून सांगितलं की ते कुणालाच सांगितलेलं नसतं. घरात ज्याला या गोष्टींचं थोडं तरी कुतूहल आहे अशा एकाला, बहुधा तरुणाला, निवडा आणि त्याला कपाटासमोर बसवून खोकी उघडून दाखवा. मी माझ्या भाचीला बोलावलं. तिने तो अकरा माणसांचा फोटो बराच वेळ पाहिला, आणि उजवीकडून तिसऱ्या बाईच्या कानातली कुडी तिच्या आईकडच्या एका जुन्या फोटोत पाहिल्याचं सांगितलं. आम्ही दोन्ही फोटो शेजारी ठेवले. आता सहा नावं उरली आहेत.